वीस गळ्यांची एक पोथी

बाळगुटीच्या सामानात हिरडा, वेखंड, जायफळ यांच्याजोडीला एक करडी, खडबडीत, सुपारीहून लहान गोळी असते. तिला आपण मायफळ म्हणतो. ओकच्या कोवळ्या डहाळीत गांधीलमाशीच्या कुळातली एक बारीक माशी अंडे घालते आणि त्या अंड्याभोवती झाड ही गाठ वाढवते. ती कुटून पाण्यात भिजत घालायची, त्या पाण्यात हिराकस टाकायचा आणि बाभळीच्या जातीतल्या झाडाचा डिंक घालून ते जरा दाट करायचे. झाली शाई. लिहिताना ती फिकट, जेमतेम दिसेल अशी उतरते. हवा लागली की हळूहळू काळीभोर होते. पंधराव्या शतकात इटलीतल्या मठांमधून आणि मोठ्या चर्चमधून गाण्याच्या ज्या महाकाय पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यांतली काळी अक्षरे अशाच शाईची आहेत.

या पोथ्यांचे वेड लागावे असेच त्यांचे रूप आहे. आपल्या डोळ्यांसमोर पोथी म्हटली की चौरंगावर मावणारी, लाल बासनात बांधलेली, एका माणसाने मांडी घालून वाचायची वस्तू येते. या पोथ्या दोन-सव्वादोन फूट उंच, काही तर त्याहून मोठ्या. पुठ्ठ्याच्या जागी लाकडी फळ्या, त्यावर चामडे, कोपऱ्यांना आणि मधोमध पितळी गुंड्या ठोकलेल्या, म्हणजे फळी घडवंचीवर घासू नये. एकट्या माणसाने ती सहज उचलून नेण्यातली नव्हे. चर्चच्या गायनकक्षात उंच, उतरत्या घडवंचीवर ती उघडी ठेवलेली असे आणि तिच्यासमोर सगळा गायकवृंद उभा राही. पंधरा-वीस माणसे एकाच पानाकडे पाहून एकच चाल गात. मागच्या रांगेतल्या, नजर अधू झालेल्या म्हाताऱ्या साधूलाही मेणबत्तीच्या उजेडात अक्षर दिसले पाहिजे, म्हणून अक्षर एवढे मोठे. पोथीचा आकार गळ्यांच्या संख्येवरून ठरलेला आहे.

आणि गाणे तरी किती! संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे मठात दिवसभरात सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना गायची, आणि बायबलातली दीडशे स्तोत्रे आठवड्यात एकदा पूर्ण करायची. त्याशिवाय रोजची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. वर्षाच्या प्रत्येक सणाला, प्रत्येक संताच्या दिवसाला वेगळ्या चाली. मिस्सेच्या गाण्यांच्या पोथीला ग्रॅज्युअल म्हणतात, प्रहरांच्या प्रार्थनांच्या पोथीला अँटिफोनरी. एका मोठ्या चर्चचा वर्षभराचा संच असा खंडांमागून खंड वाढत जाई.

आता ही पाने कशाची? कागद इटलीत तेव्हा होता, चांगला होता, पण रोज उलटल्या जाणाऱ्या एवढ्या मोठ्या पानाला तो पुरा पडला नसता. पाने कातडीची आहेत, बहुधा मेंढी, बकरी किंवा वासराच्या. आम्हा कोल्हापूरकरांना कातडे म्हटले की आधी चप्पल आठवते, आणि चपलेचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावलेले असते. चर्मपत्र कमावत नाहीत. इथेच सगळा फरक पडतो. कातडी चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजवायची, केस खरवडून काढायचे आणि ओली असतानाच लाकडी चौकटीवर ताणायची. काठाला भोके पाडून दोरी ओवली तर कातडी फाटते. म्हणून काठाच्या घडीत लहान गोटा धरायचा, त्याच्याभोवती दोरी बांधायची आणि ती चौकटीच्या खुंटीला पिळत न्यायची. कातडी वाळत जाईल तशी खुंटी आणखी पिळायची आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीने तासत राहायचे. शेवटी झावा आणि खडूची पूड. ताण, सुकणे आणि तासणे या तिन्हींनी कातडीतले धागे एका पातळीत आडवे होतात आणि ती पांढरी, ताठ, किंचित पारदर्शक होते. हलगीचे पान ऊन लागून ताणले की जसे खणखणीत वाजते तसेच हे पान उलटताना वाजते, कारण जात तीच: न कमावलेली, ताणून वाळवलेली कातडी.

एवढ्या मोठ्या आकाराची, मध्ये दुमडून होणारी दोन पानेच एका जनावराच्या कातडीतून निघत. म्हणजे दोनशे पानांच्या पोथीला शंभर जनावरे. एका चर्चच्या संचामागे कळपच्या कळप उभे आहेत. पान जवळून पाहिले तर एका बाजूला केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात आणि रंग थोडा पिवळट असतो. मांसाकडची बाजू पांढरी, मऊ. बांधणारा कारागीर पाने अशी लावी की उघडल्यावर समोरासमोर केसांची बाजू केसांच्याच बाजूला भेटेल आणि पांढरी पांढरीला. वाचणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही अशा गोष्टीत घेतलेली ही काळजी पाहिली की मला त्या कारागिराविषयी फार माया वाटते.

पानावर सहा-सात ओळी असतात. प्रत्येक ओळीत वर चार रेघा, बहुधा तांबड्या, आणि त्यांच्यावर-मधे चौकोनी काळे ठिपके. खाली लॅटिन शब्द. ठिपका जितका वर, सूर तितका उंच. आज हे आपल्याला सरळ वाटते, पण माणसाच्या डोक्यातून हे निघायला शतके गेली. त्याआधी शब्दांवर नुसत्या चढत्या-उतरत्या खुणा असत. चाल आधीच पाठ असलेल्याला त्या आठवण करून देत, न ऐकलेली चाल मात्र त्यांवरून गाता येत नसे. अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्विदो नावाच्या साधूने रेघांमध्ये ठरावीक अंतर ठेवून प्रत्येक रेघेला आणि प्रत्येक फटीला एक-एक सूर नेमून दिला. ओळखायला सोपे जावे म्हणून एक रेघ तांबडी, एक पिवळी. संत योहानाच्या एका स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होत होती. त्याच्या ओळींची पहिली अक्षरे घेऊन त्याने उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावे शिकवली. दहा वर्षांत तयार होणारा गायक एका, फार तर दोन वर्षांत तयार करून देतो, असा त्याचा दावा होता. पोप एकोणिसाव्या योहानाने त्याला रोमला बोलावून घेतले आणि कधी न ऐकलेली एक ओळ त्या खुणांवरून स्वतः गाऊन पाहिली, असे ग्विदोने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे.

इथे मला कुरुंदवाड आठवते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली तिथे जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले आणि पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक देता यावे म्हणून त्यांनी स्वरलिपी बसवली. दृष्टी अधू झालेल्या माणसाने गाणे डोळ्यांना दिसेल अशी लिपी रचावी, यापेक्षा मोठे नवल मला माहीत नाही. तिकडे भातखंडे आपली वेगळी लिपी घडवत होते. आणि त्याच काळात कोल्हापूर दरबारी अल्लादिया खाँसाहेब असे गाणे गात होते की ते कुठल्याही लिपीत पुरते मावले नसते. लिहावे की कंठात ठेवावे, ही ओढाताण दोन्हीकडे झाली आहे. युरोपाने रेघांची वाट धरली आणि त्या वाटेने फार पुढे गेला.

तरीही या पोथ्यांतले गाणे आपल्या कानाला परके वाटू नये. एकच सुरावट, साथीला दुसरा आवाज नाही, तालाचे मात्रेबद्ध कुंपण नाही. आपल्याकडे षड्ज जसा गळ्याच्या सोयीने हलतो तसा इथला उतही हलतो; रेघेच्या आरंभी काढलेली खूण फक्त एवढेच सांगते की अमुक सूर या रेघेवर आहे. अनेक ठिपके एकमेकांना चिकटवून लिहिले की ते सगळे एकाच अक्षरावर, एका दमात घ्यायचे. आलेलुयाच्या शेवटच्या ‘या’वर अशी ठिपक्यांची रांगच्या रांग लागते, शब्द संपलेला असतो आणि गळा पुढे चालतच राहतो. माझी सर्वांत आवडती खूण मात्र ओळीच्या अगदी शेवटी असते, एक लहानसा तिरपा ठिपका. तो गायचा नसतो. पुढच्या ओळीचा पहिला सूर कुठे आहे हे तो आधीच दाखवून ठेवतो, म्हणजे नजर उजवीकडून डावीकडे परत येईपर्यंत वीसांपैकी एकाचाही आवाज अडखळू नये. लेखनिकाने ती खूण प्रत्येक ओळीला न चुकता केलेली आहे.

लेखनिकाचे काम झाले की पोथी चित्रकाराकडे जाई. मोठ्या सणाच्या गाण्याचे पहिले अक्षर लिहायचे सोडून तिथे चौकोनी जागा राखलेली असे. ते अक्षर वीतभर, कधी त्याहून मोठे, आणि त्याच्या पोटात एक संपूर्ण प्रसंग. ख्रिस्ती पूजावर्ष नाताळच्या आधीच्या आगमनकाळापासून सुरू होते, म्हणून ग्रॅज्युअलची सुरुवातही तिथूनच, आणि त्या पहिल्या गाण्याचे पहिले अक्षर ‘ए’. इटलीतल्या कित्येक पोथ्यांत या अक्षराच्या पोटात दावीद राजा गुडघे टेकून बसलेला दिसतो. मुकुट बहुधा बाजूला ठेवलेला असतो. दोन्ही हातांत त्याने एक इवलेसे उघडे बाळ धरले आहे आणि ते तो वर, ढगांतून डोकावणाऱ्या देवाकडे उचलून देतो आहे. ते बाळ म्हणजे त्याचा आत्मा. गाण्याच्या शब्दांत आत्मा देवाकडे उचलण्याची गोष्ट आहे. चित्रकाराने ती शब्दशः उचलून दाखवली.

अक्षराभोवती सोने झळकते, त्याची रीत चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहून ठेवली आहे. आधी जिप्समचा मुरवलेला लेप, त्यात थोडा सफेदा, किंचित साखर आणि रंगापुरती तांबडी माती. हा लेप थरांवर थर देऊन पानावर उंचवटा करायचा. वाळला की त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायची. लेप ओलसर होतो आणि सोन्याचा वर्ख टेकवला की धरून बसतो. मग ओप द्यायचा, गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने. चेन्निनीची तक्रार आहे की वर्ख ठोकणारे एका डुकॅट नाण्यातून १४५ पाने काढतात. तितके पातळ सोने खाली दिसून जाते, शंभरच काढावीत. सोने आधी आणि रंग मागून, कारण ओप देताना रंग खराब झाला असता. मेणबत्तीची ज्योत हलली की त्या उंचवट्यावरचे सोनेही हलल्यासारखे दिसते. पहाटेच्या अंधारात गायला उभ्या राहिलेल्या माणसांसाठी ते तसे केलेले आहे.

रंगांची नावे काढली तर आपल्या पूजेच्या आणि औषधांच्या फडताळातून काढल्यासारखी निघतात: शेंदूर, हिंगूळ, हरताळ, जंगाल, लाख. पळस, बोर, कुसुंबाच्या फांद्यांवर किडे लाख करतात ती भारतातून जहाजांनी भूमध्य समुद्राकडे जाई आणि तिच्यातून काढलेला किरमिजी रंग चित्रांत पडे. गुलाबी-तांबड्यासाठी पतंगाचे लाकूड वापरत. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीचा गुमास्ता पेगोलोत्ती याने १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी जी वही लिहिली, तिच्यात केरळातल्या कोल्लमच्या लाकडाची वेगळी नोंद आहे. ब्राझीलचा किनारा युरोपाला सापडायला अजून दीडशेहून अधिक वर्षे होती.

आणि निळा. त्या निळ्यासाठी मी या पोथ्यांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा मोठी करून पाहतो. लाजवर्दाचा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सापडे. नुसता कुटला तर करडी भुकटी मिळते, कारण निळ्याच्या संगतीला पांढरे आणि राखी खनिज असते. म्हणून ती भुकटी राळ, रुमी मस्तकी आणि मेण यांच्यात मिसळून गोळा करायचा आणि निदान तीन दिवस-रात्री मुरू द्यायचा, रोज मळत राहायचे. मग राखेच्या खारट पाण्यात तो गोळा काठ्यांनी दाबायचा. निळा कण पाण्यात उतरतो, घाण मेणात अडकून राहते. पहिल्या पाण्याचा निळा सर्वांत गडद, शेवटच्या पाण्याला राखच उरते. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने गिर्लांदायोला चित्र सांगितले तेव्हा करारात निळा औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचा हवा, असे लिहून घेतले होते.

तोच दगड दुसऱ्या वाटांनी आपल्याकडेही येत होता. पश्चिम भारतातल्या जैन कल्पसूत्रांच्या पोथ्यांत पंधराव्या शतकात लाजवर्दी निळा आणि सोने ओसंडून वाहू लागते. जौनपूरला १४६५ मध्ये लिहिलेली सोनेरी अक्षरांची कल्पसूत्राची पोथी आज बडोद्याला आहे. आणि १४६६ च्या सुमारास व्हेरोनाचा विशीतला लिबेराले सिएनाजवळच्या मोंते ओलिवेतो मठात साधूंच्या गाण्याच्या पोथ्या रंगवायला बसला. एकाच डोंगरातल्या निळ्याने, वर्षाच्या अंतराने, एकीकडे महावीरांचे चरित्र आणि दुसरीकडे ख्रिस्ताचे गाणे रंगत होते. त्या दोन चित्रकारांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती.

लिबेराले पुढे सिएनाच्या कॅथेड्रलसाठी १४७६ पर्यंत पोथ्या रंगवत राहिला. क्रेमोनाचा जिरोलामोही त्याच कामावर होता. लिबेरालेच्या एका अक्षरात उत्तरेचा वारा माणसाचे रूप घेऊन फुंकर घालतो. प्रार्थनेच्या पोथीत असा रांगडा, सुटा वारा पाहिला की हा मुलगा किती मोकळ्या मनाचा असेल असे वाटते. या पोथ्या तिथल्या पिक्कोलोमिनी ग्रंथालयात काचेखाली उघड्या ठेवलेल्या आहेत. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठासाठी कोसिमो दे मेदिचीच्या पैशाने १४४६ ते १४५४ या काळात त्सानोबी स्त्रोत्सीने माणसे आणि फिलिप्पो तोरेल्लीने वेलबुट्टी रंगवली. त्याच शहरातल्या सांता मारिया देल्यी आंजेली मठातला दोन याकोपो हा साधू मोठे अक्षर लिहिण्यात असा तरबेज होता की तो गेल्यावर मठवासीयांनी त्याचा उजवा हात जतन करून ठेवला, असे कलावंतांची चरित्रे लिहिणारा वसारी सांगतो. बायकांची नावे फार कमी वाचायला मिळतात. म्हणून ऑगस्टिनियन जोगीण मारिया ओर्मानी हिने १४५३ मध्ये स्वतः लिहिलेल्या प्रार्थनापोथीच्या काठावर, वेलबुट्टीत, आपलाच चेहरा काढून ठेवला याचे मोल मला फार वाटते.

याच ऑगस्टिनियन पंथाच्या जोगिणींचा मठ आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात, १६०६ मध्ये उभा राहू लागला. गारगोटीहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत एका दिवसात पोचावे इतका जवळ. सांता मोनिकाचा तो मठ आजही आहे आणि त्याच्या आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. जाळीआडच्या गायनकक्षात तिथे प्रहरांच्या प्रार्थना लॅटिनमध्ये गायल्या जात. गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मेस्त्री मुलांना रेघांवरचे सूर वाचायला शिकवत. १६१६ मध्ये रायतूरला छापलेले फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे, म्हणजे आपल्या चालीत. पण त्याच चर्चमध्ये ग्विदोच्या रेघाही रुजल्या. पोर्तुगीज सत्तेने १८३४-३५ मध्ये धर्मपंथांचे मठ बंद केले, लॅटिन गाणे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मागे पडले, तरी रेघा वाचणारे डोळे गोव्यात घरोघर तयार झालेले होते. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेमाला आले ते हीच विद्या घेऊन. वाद्यवृंदातल्या चाळीस-पन्नास जणांपुढे कागद ठेवून त्यांना एका इशाऱ्यावर वाजवायला लावणारी ती माणसे होती.

इटलीचे हस्तलिखित डोळ्यांनी पाहायचे तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत दान्तेच्या महाकाव्याची जुनी, रंगवलेल्या अक्षरांची पोथी आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेली. ती गाण्याची नव्हे, पण घराणे तेच.

छापखाना आल्यावर लहान पुस्तके हातची गेली. एवढे मोठे पान मात्र छापायला सोयीचे नव्हते. म्हणून गाण्याच्या पोथ्या हाताने लिहिणे पुढे शतके चालू राहिले. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने एस्कोरियलसाठी दोनशेहून अधिक लिहून घेतल्या. खरी कुऱ्हाड कोसळली ती नेपोलियनच्या काळात. मठ बंद झाले, पोथ्या बाजारात आल्या. एवढे धूड कोण घेणार, आणि लॅटिन गाणार कोण? मग चित्रे कापून विकली गेली. रोमच्या सिस्टाइन चॅपेलमधून फ्रेंच फौजेच्या लुटीत बाहेर पडलेल्या पोथ्यांचे असे तुकडे आबे चेलोत्ती या व्यापाऱ्याने १८२५ मध्ये लंडनला लिलावात काढले. गाण्याची पाने काही ठिकाणी हिशेबाच्या वह्यांना पुठ्ठे म्हणून गेली. जॉन रस्किनसारखा सौंदर्याचा भक्तही पोथ्या कापत बसल्याचे स्वतःच्या रोजनिशीत लिहितो. हे वाचून मला आजही राग येतो.

कापणाऱ्यांनी चित्राच्या मागची बाजू तशीच राहू दिली, कारण तिची किंमत कुणी करत नव्हते. त्या मागच्या बाजूला दोन-तीन तांबड्या रेघा, काही चौकोनी ठिपके, अर्धा शब्द उरलेला असतो. आज अभ्यासक त्यावरूनच ओळखतात की हे गाणे कोणत्या सणाचे, पान कोणत्या पोथीचे, आणि कोणत्या शहरातल्या संग्रहालयात या तुकड्याचा शेजारी आहे. फ्लॉरेन्सच्या संत आग्नेसच्या नावाने चाललेल्या एका भजनी मंडळीने १३४० च्या सुमारास आपल्या बोलीतल्या गाण्यांची पोथी करवून घेतली होती आणि पाचीनो या चित्रकाराने तिची बरीच चित्रे रंगवली होती. तिची पाने जगभर विखुरली होती. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने त्यांतली सापडतील तेवढी एका दालनात शेजारी-शेजारी लावली. एका पोथीत बांधलेली ती पाने कित्येक पिढ्यांनी पुन्हा एकत्र आली.